खालच्या आळीचे दिवे

"पारूआक्का गेली," असं म्हणून घारेमामांनी क्लबच्या दारातच डोक्यावरची टोपी काढली.

कंपनीच्या करमणूक क्लबाचा सेक्रेटरी होऊन मला चारच दिवस झाले होते. मी कॅरमच्या बोर्डाला पावडर लावत होतो. तसाच उठून उभा राहिलो.

"अरेरे. कधी?"

"आत्ताच. सा वाजंपातुर लखलखीत व्हती."

"आजारी होत्या का?"

"न्हाई वो. हादरा बसला. जागच्या जागी."

"वय काय होतं?"

"आठ म्हैनं."

आठ महिन्यांच्या मुलीला आक्का म्हणायची रीत त्यांच्याकडे असेल, म्हटलं. शेवटी म्हणालो, "मामा, तुम्ही गावी निघा. रजेच्या अर्जाचं मी बघतो."

"रजा कशापायी?" घारेमामांनी टोपी परत चढवली. "दुसरी बसवतो की." आणि कमरेची तंबाखूची चंची सोडून तिच्यातून त्यांनी हरभऱ्याएवढा एक बल्ब काढला.

घारेमामा मेंटेनन्स खात्यात वायरमन होते. पन्नाशीला आलेले, अंगानं काटकुळे. दुसऱ्यांच्या गळ्यात जिथं माळ असते तिथं त्यांच्या गळ्यात दोऱ्याला बांधलेला टेस्टर. चंचीच्या एका कप्प्यात सुपारी, दुसऱ्यात चुन्याची डबी, आणि तिसऱ्यात कापसात गुंडाळलेले हे बल्ब. एकदा पर्सोनेल ऑफिसरांनी त्यांच्याकडे सुपारी मागितली. मामांनी बोलता बोलता चंचीत हात घातला आणि जे हाताला लागलं ते दिलं. साहेबांनी ते तोंडात टाकलं, तेव्हा मामा शांतपणे म्हणाले, "सायेब, चावू नगा. जिवंत हाय."

हे बल्ब ज्या यंत्राचे, ते आमच्या क्लबचं कौतुक होतं. कंपनीची परदेशी भागीदारी होती. तिकडचा एक इंजिनियर तीन वर्षं आमच्यात राहिला आणि जाताना आपलं गोळीचं यंत्र क्लबला देऊन गेला. चार पायांवर उभं, पलंगासारखं लांब, खेळणाऱ्याकडे उतरतं केलेलं. वर काच. स्प्रिंगचा दांडा ओढून सोडला की बेअरिंगमधली असावी तशी पोलादी गोळी वर जायची, रंगीत टोप्यांवर आपटत, घंटा वाजवत खाली यायची. खाली दोन फळ्या होत्या, त्यांनी तिला परत वर टोलवायचं. पाठीमागच्या काचेवर घोड्यावर उभी असलेली सर्कशीतली बाई होती. तिच्या गुडघ्याखाली काहीच कपडे नसल्यामुळे कँटीनच्या मॅनेजरनी तिथं कंपनीच्या कॅलेंडरचा तुकडा चिकटवला होता. आणि या सगळ्याच्या खालून, रंगीत टिकल्यांमधून, छोटे छोटे दिवे लागत. चाळीसच्या वर होते.

पिंपरीतून चिंचवडकडे सायकलनं येताना तेव्हा मध्ये मध्ये शेतं लागत. दोन शेतं गेली की एक कारखाना. पाळी सुटल्याचा भोंगा झाला की माणसं आधी क्लबात येत, गोळी उडवत, मग घरी जात. घारेमामाही रोज येत, पण त्यांना मी एकदाही खेळताना पाहिलं नाही. गोळीचा त्यांना राग होता. "गावात रेडा सोडल्यागत हिंडती," म्हणत. त्यांचं लक्ष दिव्यांकडे. प्रत्येक दिव्याला नाव होतं. हा रामजी, ती पारूआक्का, हे दोन जवळजवळ लागतात ते गेनू आणि त्याचा भाऊ, "बोलत न्हाईत, पर लागत्यात संगंच." लोक चेष्टा करत. "मामा, गेनूनं आज घेतलीय का हो, मिणमिणतोय," असं कोणी म्हटलं की मामा गंभीरपणे वाकून बघत आणि सांगत, "न्हाई. सपलाय कमी मिळतोय त्याला."

दिवा गेला की दुसरे आधी बल्ब बदलतात. मामा तसं करत नसत. त्यांच्या लेखी बल्ब हा सर्वांत शेवटचा आरोपी. आधी ते फ्यूज बघत. फ्यूज ज्या चिमट्यात बसतो तो चिमटा दाबून बघत. मग काच सरकवून काढत, खेळाचा पाट पेटीच्या झाकणासारखा उचलून टेकू देत, आणि खाली मान घालून एकेक होल्डर घासत. होल्डरची पितळी जीभ आणि पत्र्याची वाटी यांच्यामधला रिव्हेट सैल झाला की वरून सगळं ठीक दिसतं पण वीज पोचत नाही, हे मला त्यांनी दाखवलं. मग बल्ब काढून कानाशी हलवत. आतली तार किणकिणली तर मान हलवत. नाही किणकिणली तर निकाल द्यावा तसे म्हणत, "बल्ब निर्दोष हाय."

परदेशी बल्ब संपले तेव्हा आम्ही म्हटलं, संपला खेळ. मामा पिंपरीतल्या एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात गेले आणि जुन्या रेडिओंच्या काट्यामागचे दिवे घेऊन आले. सहा व्होल्टचे. तेच व्होल्टेज, तीच खाच. तेव्हापासून पिंपरीतल्या रेडिओंवर स्टेशनं आलेली आणि गेलेली बघितलेले दिवे आमच्या क्लबात गोळीचे धक्के खात होते.

इथवर लिहायला मला काही वाटलं नाही. यापुढचं मी इतकी वर्षं कोणाला सांगितलेलं नाही. घरातही नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रं बंद ठेवून पूजा करतात. लेथला झेंडूची माळ, क्रेनला आंब्याचा डहाळा, आणि त्या एका दिवशी कामगारांच्या बायकामुलांना आत येऊन घरचा माणूस कुठं उभा राहतो ते बघता येतं. आदल्या वर्षी कोणीतरी विजेच्या पॅनेलवर तांब्याभर पाणी घातलं होतं. म्हणून पुढच्या वर्षी, मी सेक्रेटरी असताना, ऑफिसनं नोटीस काढली की विजेच्या यंत्रांना फक्त फूल आणि कुंकू वाहावं, नारळ गेटजवळच्या दगडावरच फोडावा. क्लबात ती नोटीस मीच लावली, खाली सही करून, चार खिळे मारून.

पूजा झाली, पेढे झाले. क्लबात दहा-बारा जण होते. गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "सेक्रेटरी, आपल्या गोळीच्या मशीनला नारळ नाही? ते काय परकं आहे?" सगळे हसले. माझ्या हातात नारळ होता. मला काय सुचलं कोण जाणे, मी तो मशीनच्या डाव्या लोखंडी कोपऱ्यावर आपटला. एका दणक्यात दोन भकलं झाली, टाळ्या पडल्या, आणि वाटीभर पाणी काच आणि लाकूड यांच्या फटीतून आत गेलं. मी रुमालानं वरचं पुसलं. खोबरं वाटलं. घारेमामा तेव्हा सबस्टेशनला होते.

चार दिवसांनी मशीनला मुंग्या लागल्या. मामा अर्धा तास मुंग्यांकडे बघत बसले आणि मग त्यांनी शोध जाहीर केला. "शेकटरी, सा व्होल्टचा करंट गोड असतो."

"असं कसं मामा?"

"मग मुंग्या कशापायी आल्या? दोनशेतीसच्या लायनीला कंदी मुंगी बघितली का तुमी? ती कडू असती."

लोक हसून हसून खाली बसले. मीही हसलो. त्या हसण्यात सांगून टाकलं असतं तर हसण्यावारीच गेलं असतं. पण माझी नोकरी पक्की व्हायची होती, दिवाळीपर्यंत पत्र येईल असं म्हणत होते, आणि नोटिशीखाली सही माझी होती.

महिन्याभरानं खालच्या डाव्या बाजूचे सात दिवे एकदम गेले.

"एक गेला तर त्याचं त्यो बघंल," मामा म्हणाले. "सात गेले म्हंजे वाटच तुटली." त्या सात दिव्यांना परतीची एकच उघडी तार होती, एका होल्डरवरून दुसऱ्याकडे गेलेली. मामांनी काच काढली, पाट उचलला, आणि सातही दिवे लागले. पाट खाली ठेवला, सातही गेले. पुन्हा उचलला, लागले.

हे पुढं कितीतरी महिने चाललं. उचललेल्या पाटाखाली मामा टेस्टिंग लॅम्प घेऊन बसत तेव्हा सगळं शाबूत असे. बिघाड शोधायचा तर पाट खाली असायला हवा, आणि पाट खाली असला की आत दिसायचं नाही. मामांनी सातही होल्डर बदलले. तार ठोकलेल्या पिना एकेक दाबून पाहिल्या. एकदा त्यांनी खालच्या पेटीत डोकं घातलं आणि दोघांना वरून पाट हळूच टेकवायला सांगितला. टोपी अडकली, पाट बसला, आणि आतून आवाज आला, "अंधार हाय रं नुसता." त्या दिवसापासून मामांना पेटीत घालायचं का, असं लोक विचारायला लागले. मामा म्हणत, "ल्हान पोरागत झालंय. उचलून घेतलं की हासतंय, खाली ठेवलं की तोंड पाडतंय."

माझं पक्कं झाल्याचं पत्र जानेवारीत आलं. भीतीचं कारण संपलं. तोवर गप्प राहायची सवय झाली होती.

पावसाळ्यात क्लबाच्या कमिटीनं ठरवलं की अर्धवट दिव्यांचं हे धूड काढावं आणि त्या जागी टेबल टेनिस आणावं. ठराव मी लिहिला. मामांना कळलं तसे ते एका रविवारी, सुट्टीचे, धुतलेलं धोतर नेसून क्लबात आले.

"शेकटरी, खंडेनवमीपातुर थांबा. कारभारणीला दाखवायचंय."

"दाखवा की. आज आणा."

"आज कसं? खालची आळी लागली न्हाई अजून."

मी विचारलं, खालची आळी म्हणजे काय. मामांनी मशीन लावलं आणि काचेवर बोट ठेवलं. "हे वर लाल लागतंय ते देऊळ. त्याच्या आंगाला रामजीचं घर. हितून वढा गेलाय. ही पारूआक्का, गेनूचं आन् त्याच्या भावाचं एका भिंतीचं घर. ही वरची आळी." बोट उतारानं खाली आलं, डावीकडच्या अंधारात थांबलं. "ही खालची. सात घरं. ह्ये शेवटलं, वढ्याच्या कडंचं, आमचं."

त्यांचं गाव मावळातलं. धरणात गेलं होतं. माणसं पांगली, कोणी डोंगराच्या पलीकडे, कोणी मुंबईला. मामा धरणाच्याच कामावर वायरी ओढायला लागले होते. वायरमनकी ते तिथंच शिकले. रात्रपाळीच्या कामासाठी धरणावर मोठे दिवे लागायचे, त्यांचा उजेड गावाच्या कौलांवर पडायचा. गावात मात्र वीज कधी आली नाही.

"लाईट यायच्या आदी पाणी आलं," मामा म्हणाले. ही गमतीची गोष्ट असावी तसं थोडं हसले. मग म्हणाले, "निघालो त्या दिशी ही म्हनली, घरात दिवा लावते, मग निघू. ट्रक थांबला व्हता. म्या वराडलो तिच्यावर. बुडनाऱ्या घरात दिवा कशाला, म्हनलं. तवापासनं ती बोलती समदं, सैपाक करती, दुखलं-खुपलं इचारती. पर गावाचं नाव काढत न्हाई."

मी त्या रविवारी बोलायला हवं होतं. बोललोही, पण कसं? म्हणालो, "मामा, आत कुठं ओल गेली असेल का?"

मामांनी काचेवर टिचकी मारली. "वर काच हाय की. ओल कुटनं जाईल?"

"तसं नाही, पण..."

"पर काय?"

"काही नाही," मी म्हणालो.

खंडेनवमीला एकवीस दिवस होते. त्या एकवीस दिवसांत मामा रोज पाळी सुटल्यावर क्लबात येत आणि पाट उचलून बसत. मी शेजारच्या टेबलाशी वर्गणीच्या वहीत डोकं घालून असे.

खंडेनवमीला मामी आल्या. हिरवं नऊवारी, कपाळाला मोठं कुंकू, हातात फडक्यात बांधलेला नैवेद्य. मामांनी मशीन लावलं. आजूबाजूला पोरं गोळी उडवायला थांबली होती, त्यांना मामांनी हातानंच मागं सारलं.

"ह्ये बघ. देऊळ."

मामी बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आन् पारूवन्सं कुटं?"

"ही की."

"ही? ही कशी आसंल? पारूवन्संचं घर चिंचंच्या अल्याड. तुमी पल्याड लावलंय."

"आगं, तिथं भोक न्हाई मशीनला."

"मग रामजीला सरकवा थोडा."

"सरकवू कसा? लाकडात बसलाय."

दोघांचं असं बराच वेळ चाललं. मामी काचेवर बोट ठेवून सांगत होत्या, इथं गोठा होता, इथं पाणवठ्याची वाट, आणि इतकी वर्षं गावाचं नाव न काढणाऱ्या बाईला गावातलं एक कुंपणसुद्धा विसरायला झालं नव्हतं. मामांचा चेहरा मी तसा पुन्हा पाहिला नाही. मग मामींचं बोट उतारानं खाली आलं.

"आन् आपलं?"

मामांनी काच सरकवली. पाट उचलला. "वाकून बघ. खालनं."

मामी पदर आवरून उकिडव्या बसल्या आणि पाटाखालून वर बघायला लागल्या. सात दिवे लागले होते. उलटे, तारांच्या आणि होल्डरांच्या बाजूनं, पण लागले होते. मामी उठून उभ्या राहिल्या. मामांनी पाट हळूहळू, तान्ह्या मुलाला निजवावं तसा खाली टेकवला. वरची आळी लखलखत होती. खालची गेली.

"पुन्यांदा," मामी म्हणाल्या.

मामांनी पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. तिसऱ्यांदा उचलायला लागले तेव्हा मामींनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

"राहू द्या. रुसलंय ते," त्या म्हणाल्या. "दिवा न लावता निघालो आपन."

मी तिथून दोन हातांवर उभा होतो. माझ्या हातात पेढ्यांचं ताट होतं. मामींनी पेढा घेतला, "बरं हाय ना सायेब?" विचारलं, आणि मी "बरं आहे" म्हणालो.

दसरा झाल्यावर आठवड्याभरात टेम्पो आला आणि चार जणांनी मशीन उचलून भंगारात नेलं. गेटपास माझ्या सहीचा. मामा त्या दिवशी पहिल्या पाळीला होते. कोणी त्यांना सांगितलं की गेलं, तर म्हणाले, "बल्ब समदे निर्दोष व्हते," आणि क्रेनची मोटर उघडायला गेले. क्लबात पुन्हा आले नाहीत. चंचीतला तिसरा कप्पा रिकामा झाला.

दिवाळी उलटल्यावर एका रविवारी मी आकुर्डीला त्यांच्या खोलीवर गेलो. बसमधून उतरून दोनदा मागं फिरलो होतो. मामा खाटेवर बसले होते, मामी चहा टाकत होत्या. मी बसलो न बसलो तोच म्हणालो, "मामा, पाणी गेलं होतं. नारळाचं. आदल्या खंडेनवमीला मशीनच्या कोपऱ्यावर नारळ फुटला होता."

मामा खाटेवरून पुढं सरकले. मला वाटलं, आता विचारतील, कोणी फोडला. त्यांनी विचारलं, "कंच्या कोपऱ्यावर?"

"डाव्या."

"वरच्या का खालच्या?"

"खालच्या."

"म्हंजे झुपक्यात गेलं," मामा म्हणाले. "तितं समद्या वायरी दोऱ्यानं बांधून झुपका केलेला हाय. परतीची तार त्याच्यातनंच जाती. आतल्या आत सडली आसंल. त्यो झुपका मी सोडलाच न्हाई. म्हनलं, तितं कुनाचा हात जात न्हाई, तितं बिघाड कसा हुईल." त्यांनी दोन बोटांनी हवेत गाठ सोडल्यासारखं केलं. "दोरा कापायचा. तार घासायची, एक टाका मारायचा. धा मिन्टं."

चुलीपाशी भांड्याचा आवाज थांबला होता. मामी उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या.

"म्हंजे घर रुसलं न्हवतं," त्या म्हणाल्या.

"न्हाई," मामा म्हणाले. "पानी गेलं व्हतं."

दोघं एकमेकांकडे बघत होते. मी खोलीत असल्याचं त्यांच्या लक्षात नसावं. मग मामांनी माझ्याकडे वळून, सहज विचारावं तसं विचारलं, "कुनी फोडला वो?"

"गर्दी होती," मी म्हणालो. "दिसलं नाही."

"कुनी का फोडंना," मामी म्हणाल्या आणि बशी माझ्यापुढं केली. "पुजंलाच फोडला ना बिचाऱ्यानं. त्याला काय ठाव, खाली आमचं घर हाय."

मला ठाऊक होतं, मामी. नारळ फोडताना नव्हतं. पण मामांनी काचेवर बोट ठेवून दाखवलं त्या रविवारपासून एकवीस दिवस होतं, आणि तुम्ही उकिडव्या बसून वर बघत होतात तेव्हाही होतं. हे त्या दिवशी म्हणालो नाही. चहा प्यायलो, आणि चहा चांगला झालाय म्हणालो.